नवसाचा शाळू

यमगर्णी, २९ सप्टेंबर १९४२

काका,

मोठ्या माणसाच्या पत्रात वर काय काय लिवायचं आसतंय ते मास्तर शिकवणार हुते. त्याच्या आदीच आई गेली आणि मी शाळा सोडली. म्हणून नुसतं पाया पडतो. मी राजमती, तुमच्या थोरल्या भावाची पोरगी. मागच्या खेपेला तुम्ही आलतासा तवा म्हटलासा, "दारामागं मांजर हाय का पोरगी?" ती मीच.

तुम्हाला मुंबईत धरलं आणि बेळगावच्या तुरुंगात आणलं हे निपाणीच्या बाजारात कळलं. मग पोलिस घरी आलते. तुमची पेटी न्हेली, शाळूचे सगळे कागद न्हेले. एका पोलिसानं मोठ्यानं वाचलं, "बुटका, लाल दांड्याचा, दम धरणारा." त्याला वाटलं कुणा फरारी माणसाची खूण हाय. आप्पा म्हटले, "शाळूची हाय ती." तर तो म्हणतोय, "जोंधळ्याची कुणी खूण लिवून ठेवतंय व्हय?"

बी मात्र ऱ्हायलं. राखेत घालून मडक्यात, चुलीवरच्या शिंकाळ्यात हुतं. तिकडं कुणी वर बघितलं न्हाय.

काका, तुमच्या पट्टीत आप्पांनी तंबाखू लावली. लढाईमुळं भाव हाय. म्हणत्यात, "त्याच्या शाळूनं आम्हाला काय दिलं? पोलिस दिले." वर माळाला खडकाळ तुकडा हाय, तितं तंबाखू येत न्हाय. तो मी मागितला. तोंडानं न्हाय, पाटीवर लिवून आप्पांच्या ताटाशेजारी ठेवला. आप्पांनी वाचलं, जेवले, पाटी पुसली आणि म्हटले, "कर जा."

बी जुनं झालंय. औंदा पेरलं न्हाय तर उगवायचं न्हाय. तुमचं उत्तर येईस्तोवर हस्त निघून जाईल, म्हणून पेरून टाकतो. पण पुढं काय? कागद गेले. ह्यातला तुमचा खरा शाळू कुठला आणि मिसळ झालेला कुठला, हे आता तुमच्या डोक्यातच ऱ्हायलंय. तेवढं सांगा.

राजमती

—

बेळगाव तुरुंग, १५ नोव्हेंबर १९४२

चि. राजू,

मांजर लिहायला लागलं! इथून महिन्याला एकच पत्र लिहायला मिळतं. ह्या महिन्याचं तुला. देशातली मोठी माणसं रुसतील, रुसू देत. राजकारणावर काही लिहिलं तर वरचा साहेब काळी शाई फिरवतो. शाळूवर अजून बंदी नाही.

पेरलंस ते लई बरं केलंस. विचारत बसली असतीस तर बी गेलं असतं. स्वराज्य एक साल उशिरा आलं तर आणखी एक साल लढू. बी एक साल चुकलं तर लढायला काय उरत नाही.

आता ऐक. दाणा भरत येईल, जमिनीतली ओल तुटेल, तेव्हा शेतात जा. मोठं कणीस बघून भुलू नको. बाकीच्या ताटांची खालची पानं करपून जातील, थोड्यांची हिरवीच राहतील. ती आपली. त्यांनी तहान सोसली. त्यांना दोरा बांध. कापणीत तेवढीच कणसं वेगळी काढ, वेगळी मळ, वेगळी ठेव. बाकी सगळं भाकरीला. मी बारा वर्षं दुसरं काही केलं नाही.

लोक मला विचारतात, प्रयोगशाळा सोडून तुम्ही पुढारी का झालात? भाषणात मी मोठं उत्तर देतो. तुला खरं सांगतो. शेतकी खात्याचा साहेब म्हणाला, "दुष्काळातला जोंधळा सुधारून काय करणार? विलायतेला जाणारी तंबाखू सुधारा." मी म्हटलं, "साहेब, माणसं खातात काय?" तो म्हणाला, "तो आपला विषय नाही." मग माझा विषय कुठला हे ठरवणारा माणूस मला आपला पाहिजे झाला. एवढंच माझं राजकारण.

पण आप्पावर रागावू नको. मला विलायतेला शिकायला धाडलं ते त्यानं तंबाखूच्याच पैशावर. हे तो तुला कधी सांगणार नाही.

माझी तब्येत ठणठणीत आहे.

काका

—

यमगर्णी, १७ जानेवारी १९४३

काका,

तुम्ही म्हटल्यासारखंच झालं! समद्या माळाचा शाळू खालनं करपला आणि मधीमधी हिरवी पानं अशी दिसायलीत की पोपट बसल्यागत. मी दोरे बांधले. पांढरा दोरा दवानं कुजतोय आणि किडं बी लागत्यात, म्हणून हळदीत भिजवून वाळवला आणि बांधला. लांबनं बी पिवळा दिसतोय.

आणि एक गंमत. पाखरांपेक्षा मला माणसांचं भ्या हुतं. हिरवी कणसं दिसली की हुरड्याला कुणी बी मोडतंय. पण कुणी हात लावना! मनुबाई, आमच्याकडं कापणीला येणाऱ्या बायकांची म्होरकी, बांधावर हुबी राहून दोऱ्याकडं बघत हुती. म्हटली, "राजाक्का, नवसाचं काय गं?"

समद्या बायका माझ्याकडं बघायलत्या. मी मान खाली घातली.

"हळदीचा दोरा म्हंजे सौंदत्तीच्या डोंगरावरच्या आईचा?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसलो.

"बरं बरं, ऱ्हाऊ दे. सांगू नगं. नवस बोलून दाखवू ने." असं म्हणून तिनं लांबनं हात जोडले. तवापासनं बायका त्या ताटांना वळसा घालून जात्यात. पोरं सुदीक गोफण तिकडं मारीनात. राखण फुकट झाली. न बोलल्याचा कधी तरी फायदा झाला बघा!

राजमती

—

बेळगाव तुरुंग, ८ फेब्रुवारी १९४३

चि. राजू,

तुझं पत्र इथं उशिरा हातात पडलं. वाचून हसलो आणि मग हसू गेलं.

ज्याला लोक हात जोडतात ते आपल्या घरात राहत नाही, पोरी. मी पुढारी झालो तेव्हापासून मला हे कळतंय. हे पत्र मिळेल त्या घडीला मनुबाईकडं जा आणि सांग, नवस नाही, बियाणं आहे. लाजू नको. तोंड उघड.

काका

—

यमगर्णी, २४ फेब्रुवारी १९४३

काका,

तुमचं पत्र आज आलं. कणसं शनिवारी गेली.

आप्पांना ताप हुता म्हणून मी शेताकडं गेलो न्हवतो. गेलो तर ताटं हुबी आणि वरची कणसं नाहीत. एक बी न्हाय. दोरे सुदीक न्हेले. बिगरदोऱ्याचं समदं जागच्या जागी.

मनुबाई सौंदत्तीच्या डोंगरावरनं यात्रा करून गाडीतनं उतरत हुती. कपाळभर भंडारा. मला बघून धावत आली, माझ्या कपाळाला लावला आणि म्हटली, "सुटलीस गं बाय! फेडून आलो तुझा नवस. जैनाची पोर, बापाला सांगाय लाजत आसंल, पुनव तर आली, म्हणून आम्हीच कापली आणि पिवळ्या फडक्यात बांधून न्हेली. एक दाणा खाली पडू दिला न्हाय बघ."

मला रडू आलं. तिला वाटलं मी आनंदानं रडालोय. मला जवळ घेतलं. आणि काका, त्या माऊलीनं तुमची बारा वर्षं डोंगरावर टाकून आल्यावर मी तिच्याच खांद्यावर रडलो.

पण मग मी बोललो. पैल्यांदाच. म्हटलं, "मनुबाई, तो नवस न्हवता. ते काकांचं बी हुतं. एवढंच हुतं. दुसरं कुठं बी न्हाय."

ती म्हटली, "मग मान कशाला हलवलीस?"

"हलवली न्हाय. खाली घातली."

"आगं, लगीन ठरवाय आलेल्याफुडं आसंच मान खाली घालतीस काय? तितं बी आम्ही हो म्हणून मोकळं हुतावं!" आणि डोक्याला हात लावून तीच रडाय लागली.

कणसं डोंगरावर नागुबाई जोगतिणीच्या परडीत घातलीत म्हणं. ती बेळगावजवळच्या अनगोळची. वर्साला आमच्या बाजूला जोगवा मागाय येतीय. मी तिच्याकडं जाणार. निपाणीच्या बाजाराफुडं मी कधी गेलो न्हाय, पण जाणार.

राजमती

—

बेळगाव तुरुंग, १४ मार्च १९४३

चि. राजमतीस आशीर्वाद.

घडले ते घडले. तू मनाला लावून घेऊ नकोस. अनगोळला जाऊ नये. दिवस वाईट आहेत आणि देवीला वाहिलेली वस्तू परत मागणे लोकांना रुचणार नाही. बियाण्याचे काम मी सुटल्यावर पुन्हा आरंभीन. माझी प्रकृती उत्तम आहे. वडिलांस नमस्कार.

काका

—

यमगर्णी, २ मे १९४३

काका,

मागचं पत्र तुमचं न्हवतं. अक्षर दुसऱ्याचं, "आरंभीन" बी दुसऱ्याचंच. ज्याला हातात टाक धरवत न्हाय त्याची प्रकृती उत्तम कशी? मला म्हणतासा तोंड उघड, आणि आपण दडवतासा. म्हणून मी तुमचं ऐकलं न्हाय.

मी जातो म्हटल्यावर आप्पांनी सकाळी बैलं जुपली आणि आम्हाला निपाणीच्या मोटर स्टँडवर आणून सोडलं. मनुबाई संगं हुती. आप्पा तिला म्हटले, "हिला बोलाय येत न्हाय. तू बोल."

मनुबाई म्हटली, "माझंच तोंड लई चाललं म्हणून हे झालं, मालक. आता हीच बोलंल."

आप्पांनी माझ्या हातात भाकरीचं गठुळं दिलं. "मावळतीच्या आदी खा," म्हटले. मोटर सुटताना खिडकीपाशी आले आणि म्हणत्यात, "नेमूला लहानपणी बी करपल्याली भाकरी चालत न्हवती. तितं कशी खात आसंल?" पैल्यांदा तुमचं नाव काढलं बघा.

लढाईत पेट्रोल मिळंना म्हणून मोटर कोळशावरची, चढाला समद्यांनी उतरून ढकलायची. अनगोळला पोचलो तर नागुबाई अंगणात परडी सारवत हुती. म्हातारी, डोळे बारीक, आवाज खणखणीत. मनुबाईनं मला फुडं ढकललं. मी कसंबसं समदं सांगितलं.

ती म्हटली, "एकदा आईच्या परडीत पडलं ते आईचं. माघारी मागतीस व्हय गं?"

"आईचं आईला ऱ्हाऊ दे. मला तुमच्याकडनं मूठभर द्या."

"माझ्याकडं कुठलं? आईचं धान्य मी दळून खाईन व्हय? मूठमूठ परसाद वाटला, ज्या दारात जोगवा मिळतोय त्या दारात. हितं अनगोळात, शहापुरात, वाटंवरच्या गावांत, पार तुमच्या निपाणीपतोर. माणसं देव्हाऱ्यात ठेवत्यात आणि पेरताना बियाणात मिसळत्यात. बरकत येतीय."

मिसळलं की गेलं. पण काका, पेरणी सप्टेंबरात! तवर ते देव्हाऱ्यातच हाय, पुरचुंडीत बांधून, सुट्टं, बिगरमिसळीचं.

मी म्हटलं, "त्या घरांची नावं सांगा, मी जातो."

नागुबाई म्हटली, "नवस कुणाचा ते तरी सांग. तुझा न्हाय म्हणतीस."

"काकांचा. पाऊस गेला तरी कुणाच्या चुलीवरचा तवा थंड नको, म्हणून."

"मग आईकडं लोक दुसरं काय मागत्यात?" तिनं परडी उचलली आणि माझ्या हातात दिली. "आईचं माघारी घेता येत न्हाय. पण जोगवा मागता येतोय. चल. मी दार दावीन. मागायचं तू."

मी जैनाची पोरगी, हातात जोगतिणीची परडी. शहापुरात पैल्या दारात मागाचा खडखड आवाज. मी "जोगवा" म्हटलं ते मलाच ऐकू आलं न्हाय. नागुबाई मागनं म्हणतीय, "माग थांबवायचा आसंल तर मागाहून मोठ्यानं वरडायचं आसतंय." मग वरडलो. साळ्याची बाय बाहेर आली. तिला समदं सांगितलं. ती म्हटली, "आम्हाला शेत कुठलं? साडीवर काढू व्हय शाळू? घे समदा." आणि पुरचुंडीच परडीत टाकली.

पण समदी अशी न्हाईत. एका घरात म्हातारीनं दार लावलं. एका घरात कोंबड्यानं खाल्लं हुतं. लई घरांत म्हटलं, "परसाद हाय, समदा देणार न्हाय. अर्धा घे, अर्धा आमचा." मी वाद घातला न्हाय. उलट प्रत्येकीला सांगितलं, अर्धा ठेवा, पण मिसळू नका. बांधाकडंला वेगळा पेरा. खालचं पान हिरवं दिसंल त्याला हळदीचा दोरा बांधा आणि तेवढंच कणीस फुडच्या सालाला ठेवा. "म्हंजे नवसच की," म्हटल्या. मी म्हटलं, "व्हय. नवसच."

ह्या खेपेला मान खाली घातली न्हाय.

येताना तुरुंगाच्या दारावर बी गेलो. भेट मिळाली न्हाय. शिपायाला विचारलं, तुम्ही दवाखान्यात हाय म्हटला. एक मूठ शाळू ठेवून घ्या म्हटलं तर घेईना. खरं काय ते लिवा.

राजमती

—

बेळगाव तुरुंग, ६ जून १९४३

राजू,

हे माझंच अक्षर, वाकडं आहे पण माझं. छातीचं दुखणं होतं. आता बसता येतं. तुला उगाच काळजी नको म्हणून लपवलं, ते चुकलं.

एक सांगू? शास्त्रात आम्ही शिकलो की बी एका जागी, कुलपात, कागदासकट ठेवावं. कागद पोलिसांनी नेले आणि कुलूप मीच तुरुंगात घेऊन आलो. तू ते इतक्या देव्हाऱ्यांत ठेवून आलीस की आता जप्त करायला पोलिस कमी पडतील. इथं सगळ्यांना वाचून दाखवलं. एक जण म्हणाला, ही पोरगी सभेला पाहिजे. मी म्हटलं, ती सभेत बोलायची नाही, दारात बोलते. ते जास्त अवघड.

काका

—

यमगर्णी, ३० जानेवारी १९४४

काका,

परतीचा पाऊस आलाच न्हाय. माळ उघडा पडला. समद्यांचा शाळू गुडघ्याएवढा होऊन वाळला. आपला हुबा हाय. कणीस बारकं, पण दाणा भरलाय.

आप्पा काल माळावर आले. खाली बसून एक पान हातात धरलं, लई वेळ. मग म्हटले, "खालची पट्टी फुडच्या साली तुला. तंबाखू वर जाईल, न्हाईतर जाईल तिकडं." घरी येऊन दोरे त्यांनीच हळदीत भिजवले. बोटं अजून पिवळी हायत.

रेशनच्या रांगेत उभं ऱ्हायलेल्या बायका विचाराय लागल्यात, नवसाचा शाळू कुठं मिळतोय. मी सांगतो, मिळत न्हाय, मागावा लागतोय. आणि मागितला की राखावा लागतोय.

राजमती

—

दिल्ली, १२ सप्टेंबर १९४७

चि. राजू,

स्वराज्य आलं. गावात झेंडा लावलात ते कळलं. पण इथं येणारं प्रत्येक पत्र धान्य मागतंय. धान्याच्या कमिटीत मला घेतलंय. मी सगळ्यांना सांगितलं की पावसाशिवाय दम धरणारा शाळू माझ्या गावी आहे. सरकारी शेतांवर वाढवून देशभर द्यायचा आहे. कमिटीनं त्याला माझं नाव द्यायचं ठरवलंय.

तुमच्याकडं एक साहेब गाडी घेऊन पाठवला होता. त्यानं कळवलं, "गावोगाव फिरलो, नेमगोंडा ज्वारी इथं कुणीही पेरत नाही." राजू, काय झालं? बी संपलं का? असेल तर खरं सांग. नसेल तर दोन पोती रेल्वेनं धाड.

काका

—

यमगर्णी, ५ ऑक्टोबर १९४७

काका,

तो साहेब आलता. गाडीतनं उतरला न्हाय. काच खाली करून म्हटला, "नेमगोंडा ज्वारी कुणाकडं आहे?" मनुबाई म्हटली, "असली ज्वारी आम्ही ऐकली बी न्हाय." तो गेला. तिच्या मागं पायलीभर नवसाचा शाळू हुता. ती खोटं बोलली न्हाय, काका. त्याला तुमचं नाव कुणीच लावत न्हाय. माझं बी न्हाय.

बी संपलं न्हाय. निपाणीपासनं शहापूरपतोर घराघरात हाय. नागुबाई गेल्या साली गेली, तिच्या दारात बी पेरलाय. पण दोन पोती मी धाडणार न्हाय. माझ्याकडं दोन पोती न्हाईतच. माझ्याकडं माझी मूठ हाय. बाकीच्या मुठी त्यांच्या त्यांच्या हातात हायत, आणि त्या रेल्वेत बसत न्हाईत.

मी समद्या बायकांना विचारलं. देणार म्हणत्यात. देशासाठी म्हटल्यावर कोण न्हाय म्हणंल? पण म्हणत्यात, ज्याचा नवस हाय त्यानं यावं. काचंतनं मागितल्यालं आम्हाला ऐकू येत न्हाय.

तवा तुम्ही या. हस्त चालू हाय, माळावर पेरणी चाललीय. भाषण नको. आप्पांनी तुमच्या जोगव्याला परडी सारवून ठेवलीय. पैलं दार मनुबाईचं, तिला बघायचं हाय दिल्लीच्या माणसाला तोंड उघडता येतंय का. शहापुरात मात्र मागाच्या आवाजाहून मोठ्यानं वरडावं लागंल. प्रत्येकीला सांगा बी कुठं जाणार, कोण पेरणार, हळदीचा दोरा कोण बांधणार. त्या विचारत्यात. मला बी विचारल्यात.

आणि कमिटीला सांगा, नाव आदीच ठेवलंय.

दिवस मावळायच्या आत पोचा, आपल्यात रातचं जेवत न्हाईत हे दिल्लीत इसरला आसशीला. आप्पा म्हणत्यात, नेमूची भाकरी करपू देऊ नको. आणि ह्या खेपेला दारामागं बघू नका. मी दारातच आसतो.

राजमती